सहा फुटांवरचा फोकस

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कॅमेऱ्यात काही विचित्र दिसलं तर आधी लेन्स पुसावी, असं मानणारा मी माणूस. तरी हे लिहितोय, कारण कोडं अजून सुटत नाही...

२०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. मी किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. ज्या गुरुजींमुळे हे जमलं, ते निवृत्तीनंतर औशाला राहायचे. त्यांची नजर झपाट्यानं जात होती. ती आहे तोवर त्यांच्यावरची छोटी फिल्म त्यांनाच दाखवायची, एवढंच डोक्यात होतं.

नवी लेन्स एकेक सुरकुती करकरीत दाखवते. गुरुजी तिच्यात आजारी दिसायचे. म्हणून शिवलिंगकाकांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून जुनी लेन्स मागून आणली. तिच्यातून चेहऱ्यावर उजेड मऊ उतरतो. फोकस मात्र हातानं लावायचा. मित्र बालाजीनं टेपनं अंतर मोजलं — लेन्सपासून गुरुजींची खुर्ची बरोबर दहा फूट. फोकसची रिंग दहावर ठेवून, ती हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. मध्ये, सहा फुटांवर, नुसती रिकामी सतरंजी.

"किनवट जिल्हा झाला का रे?" गुरुजींनी त्या जुन्या मागणीचं विचारलं.

"न्हाई अजून."

"मग मलाबी मरायची घाई न्हाई!"

तासभर बोलले. लेन्सकडं बघा म्हटलं तरी नजर खाली सतरंजीवरच. छोट्या स्क्रीनवर चेहरा स्पष्ट होता — आम्ही दोघांनीही पाहिला.

घरी क्लिप उघडली तर चेहरा पूर्ण धूसर! सतरंजीचा मात्र धागा न् धागा लख्ख. म्हणजे फोकस सहा फुटांवर. चिकटपट्टी तर जागची हललेली नव्हती. काकांनी लेन्स उलटसुलट तपासली. "ही चांगली हाय. तुझंच काहीतरी चुकलं आसंल," म्हणाले.

पुन्हा शूट करू म्हणून आम्ही औशाला गेलो, तर गुरुजी वैतागले.

"परत काय सांगू? समोर सतरंजीवर बसून ऐकलास की सगळं."

"गुरुजी, मी कॅमेऱ्यामागं उभा होतो."

"उभाच होता, गुरुजी," बालाजी म्हणाला. "मी शेजारीच होतो की."

"मला कमी दिसतंय रे, दिसतच न्हाई आसं न्हाई," म्हणून त्यांनी विषय संपवला. पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसले नाहीत.

थोड्याच दिवसांत त्यांची नजर पूर्ण गेली. फिल्म दाखवायची राहिलीच. मी नुसता आवाज ऐकवला. तो संपल्यावर त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"तवा सतरंजीवर मान खाली घालून रडून राहिला होतास... कशापायी, लेकरा?"

लेन्स, टेप, रिंग सगळं तपासून झालंय. कारण सापडत नाही. आणि गुरुजींना काय उत्तर द्यावं, तेही मला अजून कळलेलं नाही.