सासूबाईंच्या हिरवळीला भोकं

लोकांच्या हिरवळी कापून पोट भरणाऱ्या जावयाने जमिनीला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, याला ऊन लागलं. घट्ट मातीतून बोटाएवढे तुकडे उपसले की मुळांना हवा-पाणी मिळतं, हे तो घसा फोडून सांगे. पण आपली हिरवळ भोसकून घ्यायला एकही गिऱ्हाईक तयार होईना. शेवटी सासूबाईंनी आपलं अंगण दिलं. तिथे पाणी मुरतच नव्हतं.

काम झाल्यावर त्या बाहेर आल्या. हिरवळभर मातीच्या लेंड्या पडलेल्या.

"जावईबापू, बकऱ्या किती होत्या?"

"झाडू नका हं, आई. आपोआप विरघळतील."

उभ्या जन्मात अंगणात वाळकं पान टिकू न दिलेल्या त्या बाईने खिडकीचे पडदे ओढून घेतले, पण झाडूला हात लावला नाही.

पुढे गवत असं दाट उगवलं, की शेजारीणबाईंनी कुंपणावरून कारण विचारलं.

"मीच यांना म्हटलं, जरा भोकं पाडा," सासूबाई गवत कापायला आलेल्या जावयाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

जावयाने जन्मभर त्यांचंच ऐकत आल्यासारखी मान डोलावली आणि शेजारीणबाईंना विचारलं, "तुमच्याकडे कधी येऊ?"