उधाणाचा शुक्रवार

‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे म्हणायला सोपं, मनापासून म्हणायला महाकठीण. त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या रोजच्या वाचनात नेमका गेथशेमाने बागेचा उतारा माझ्या वाट्याला आला; धरला जाण्याआधी प्रभूनं तिथं हीच प्रार्थना केली होती. बाळकुमला आमच्या आळीत रीतच होती: राखेच्या बुधवारापासून रोज संध्याकाळी क्रुसाजवळ जमायचं, शुभवर्तमानातलं थोडं वाचायचं आणि ज्याची पाळी त्यानं मनाला भिडलेलं सांगायचं. मी सांगितलं आणि बायका डोळे पुसत घरी गेल्या. मला मात्र त्यातलं काही पटलं नव्हतं. नवरा वर्षापूर्वी गेलेला. तो करायचा ते मिठागर मालकानं एका हंगामापुरतं माझ्याकडे ठेवलं होतं. बाईला जमतं का बघू, म्हणाला होता. देवाची इच्छा मी पुरेशी पाहिली होती. आता त्यानं जरा माझी पाहावी, असा माझा हट्ट होता.

उपासकाळ म्हणजे मिठाचा ऐन हंगाम. बांधाआड पांढरीशुभ्र रास उभी राहिली. पवित्र गुरुवारी तिन्हीसांजेला बांधात खेकड्यांची भोकं दिसली, पण दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. प्रभूला त्या दिवशी मातीत ठेवलं, म्हणून आमच्यात जमिनीला लोखंड लावत नाहीत. शनिवारी बुजवू, असं सासूबाईंनी ठरवलं, आणि त्यांच्यापुढे कोणाचंच चालत नसे. तो शुक्रवार पुनवेचा, आणि पुनवेला खाडीला भर दुपारी उधाण येतं, हे मिठागरात जन्म काढलेल्या आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण देव आपल्याच दिवशी आपलं नुकसान कसं होऊ देईल, अशी आमची भाबडी खात्री!

दुपारी देवळात प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन चालू असताना शेजारच्या मिठागरातले आगरी काका दारात येऊन उभे राहिले. एरवी ते देवळाकडे फिरकत नसत. मी बाहेर गेले.

“पोरी, तुझा बांध फुटला,” ते म्हणाले.

मी धावत सुटले. बैलगाडी जाईल एवढी वाट पाण्यानं पाडली होती आणि लोंढा राशीकडे निघाला होता. मागोमाग धापा टाकत सासूबाई आल्या, त्यांच्यामागे अर्धं देऊळ. काकांनी फावडं पुढे केलं आणि सगळे सासूबाईंकडे बघू लागले. मी चिखलात बसून रडत एवढंच म्हणत होते, देवा, हे पाणी थांबव. पाणी काही थांबलं नाही. सासूबाईंनी लुगडं वर खोचलं आणि त्या माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या.

“लोखंड नको म्हटलंय. हातांना कोणी मना केलंय?”

मग साऱ्या आळीनं हात घातले. पण टाकलेला चिखल लोंढ्याबरोबर वाहून जाई. तेवढ्यात रेतीनं भरलेली एक होडी उधाणानं ओढली जाऊन थेट आमच्या खिंडाराकडे आली. होडीवाला कोणाच्याच ओळखीचा नव्हता. होडी वाचवायची सोडून त्यानं वल्ही रोवली आणि होडीच त्या खिंडारात आडवी लावली. लोंढ्याचा जोर मोडला. तिच्याआड आम्ही चिखल भरत गेलो, त्यानं वरून रेती ओतली. ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता आणि राशीचा नुसता पायथा भिजला होता. माखलेल्या हातांनीच आम्ही क्रुसाचं गीत म्हटलं. इतक्या मोठ्यानं आमचं देऊळही कधी गायलं नसेल.

मी होडीवाल्याचं गाव विचारलं. “भरकटलो होतो, बाई,” एवढंच म्हणाला आणि ओहोटीबरोबर गेला. त्याला मी पुन्हा पाहिलं नाही. तो कोण होता यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

ईस्टरनंतर मालक आला, बांध पायानं दाबून बघितला आणि मिठागर माझ्याकडेच राहील म्हणाला. पुढे कितीतरी हंगाम मी ते केलं. आजही प्रार्थनेला बसले की आधी आभारच मानते. मागायचं ते मागते, पण ते कसं द्यायचं हे त्याला शिकवत नाही. जे पाणी थांबव म्हणून मी रडत होते, तेच पाणी ती होडी आमच्याकडे घेऊन येत होतं.