प्रभाच्या खोल्या आणि बारावीचं मार्कशीट

जर्मनीत आखनमधल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही मराठी विद्यार्थ्यांना देतो. इतर घरमालक बँकेचे कागद मागतात, आमची प्रभा बारावीचं मार्कशीट मागते. डिग्री काय कुणालाही मिळते, मूल कसं निघणार ते बारावीलाच कळतं, असं तिचं ठाम मत. नव्वदच्या खालचा कुणी आला, तर त्याला चहा पाजून ती बसस्टॉपपर्यंत सोडून येते. माझे मार्क तिने लग्नाआधी विचारले नव्हते, आणि गेली एकतीस वर्षं मीही विषय काढलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी तनय आला. बारावीला सत्त्याण्णव टक्के. प्रभाने त्याला बाल्कनीची खोली दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायला लागली. दुसरी खोली उल्काला मिळाली, ती केवळ मावसबहिणीची मुलगी म्हणून. ती बारावीला गणितात गचकलेली आणि पुरवणी परीक्षेत कशीबशी सुटलेली. तनयकडे बघून काहीतरी शिक, असं प्रभा तिला रोज जेवताना सांगायची.

पहिल्याच सत्रात मेकॅनिक्सच्या क्लाउझूरमध्ये, म्हणजे लेखी परीक्षेत, निम्मा वर्ग उडाला. त्यात हे दोघंही होते. उल्का थोडी रडली आणि दुसऱ्या दिवशी सायकल काढून भाजी आणायला गेली. तनयने मात्र दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने आतूनच सांगितलं, की पुण्याचं तिकीट काढलंय, शिक्षण सोडतोय. प्रभाने दारापाशी पुरणपोळीचं ताट ठेवलं, आणि वर त्याला त्याच्या सत्त्याण्णव टक्क्यांची आठवण करून दिली. आतून हुंदका ऐकू आला. मला तेव्हा आमच्या बाईसाहेबांचा खरंच राग आला.

मग उल्का वर गेली. दाराबाहेर फरशीवर बसली आणि ताटातली पोळी खात खात बोलू लागली.

"हे बघ तनय, एक दिवस रडायचं. मग तपासलेला पेपर बघून यायचा. मग पुन्हा फॉर्म भरायचा. तू तीन दिवस पहिल्याच कामात अडकलायस. मला यातलं कळतं."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तोवर पोळी संपली होती.

"अहो," प्रभा माझ्या कानाशी पुटपुटली, "हा जन्मात पहिल्यांदाच नापास झालाय हो."

तिकीट रद्द झालं. दोघं जाऊन आपापला पेपर बघून आले आणि उन्हाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकमेकांशी भांडत गणितं सोडवत बसले. सप्टेंबरच्या परीक्षेत उल्का बऱ्यापैकी मार्कांनी सुटली. तनय काठावर.

त्याने आमच्यासमोरच स्पीकरवर घरी फोन लावला. पास झालो, म्हणाला. वडिलांनी लगेच किती मिळाले ते विचारलं. पोराचा चेहरा पडला. ते पुन्हा विचारू लागले, तशी प्रभाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"अहो, मार्क कसले विचारता?" ती म्हणाली. "पोरगा पास झालाय. आधी पेढे वाटा."