गाडी जाऊ दे

त्या जागेत शिरताना पहिला जो वास आला तो बिअरचा नव्हता. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांना ऊन लागले की डांबराचा, वंगणाचा आणि कित्येक पावसाळे मुरलेल्या लाकडाचा एक जडसर, गोडसर वास येतो. तो दारातच आमच्यासमोर उभा राहिला आणि मग त्याच्या पाठोपाठ तळलेल्या बटाट्यांचा, सांडलेल्या बिअरचा वास आला. आई उंबऱ्यापाशी थबकली. पायांत माझ्या बायकोचे कॅनव्हासचे बूट, त्यांत लोकरी मोजे, सुती पातळावर माझा ढगळ स्वेटर, अशा अवतारात तिने डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला, आणि न्यू जर्सीतल्या त्या ऑक्टोबरच्या दुपारी ती क्षणभर खानदेशातल्या आमच्या स्टेशनावर जाऊन पोचली.

"अरे श्री, हे तर स्टेशन आहे," ती म्हणाली.

स्टेशनच होते ते, एके काळी. उतारूंच्या गाड्या बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, आता त्या रुळांवरून एखाददुसरी मालगाडी तेवढी जाई. इमारत कुणीतरी विकत घेऊन तिथे पब काढला होता. तिकिटाच्या खिडकीमागे बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, सामानाच्या वजनकाट्यावर पिवळ्या शेवंतीची कुंडी होती, वेटिंग रूममधली लांब बाके कापून त्यांची बैठक केली होती, आणि खाद्यपदार्थांची यादी टाइमटेबलासारखी छापून तीत बटाट्याच्या कापांना 'एक्स्प्रेस' हे नाव दिले होते. वाढणाऱ्या मुलींच्या डोक्यांवर तिकीट तपासनिसाच्या टोप्या होत्या. या देशात जुनी वस्तू सुखासुखी मरू देत नाहीत, तिचे हॉटेल करतात. मी रोज कामावर जाताना त्या इमारतीवरून जायचो आणि रोज मनात म्हणायचो, आईला एकदा इथे आणायचे, दाराशी उभे करून तिचा फोटो काढायचा आणि नानांना पाठवायचा. उभी हयात स्टेशनमास्तर म्हणून काढलेल्या माझ्या वडिलांना तो फोटो पाहून काय वाटेल, याची मला फार उत्सुकता होती.

त्या दिवशी कॅमेरा नव्हता. नाना त्याच दिवशी पहाटे गेले होते. पहाट आमची; तिकडे जळगावला दुपार झाली होती. आणि आईला ते अजून ठाऊक नव्हते.

धाकट्या भावाचा, वसंताचा फोन आला तेव्हा खिडकीबाहेर अंधार होता. त्या काळातले ते फोन. आपलेच शब्द समुद्र ओलांडून परत यायचे आणि समोरच्याच्या शब्दांवर आदळायचे. "नाना गेले," हे मला पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही, म्हणून त्या बिचाऱ्याला ते ओरडून सांगावे लागले. जेवून आरामखुर्चीत टेकले होते, पेपर हातात होता, एवढेच. संध्याकाळी नेणार होते. आमच्यासाठी थांबणे शक्यच नव्हते. आई तेव्हा पलीकडच्या खोलीत तीन आठवड्यांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या बायकोला, मीनाला, आई नव्हती, म्हणून तिच्या बाळंतपणासाठी माझी आई आयुष्यात पहिल्यांदा नानांना सोडून इतक्या लांब आली होती.

उजाडता उजाडता देशमुखकाकू आल्या. आमच्या पार्सिपनी गावातल्या मराठी घरांत बारसे असो की आणखी काही, काकू हजर व्हायच्याच. आम्हा सगळ्यांच्या आधी त्या या देशात आल्या होत्या आणि इथले सगळे पहिले प्रसंग त्यांनी एकटीने निभावले होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठले. "उद्या इव्हिनिंगची तिकिटं कन्फर्म झाली आहेत. पॅकिंग मी करते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तू आईंना ड्राइव्हला घेऊन जा. इथे आता फोन थांबायचे नाहीत, कुणीतरी पटकन बोलून जाईल. श्री, परत याल तेव्हा त्यांना तुझ्या तोंडून कळलेलं असू दे."

म्हणून मी तिला घेऊन निघालो. झाडे पेटल्यासारखी लाल झाली होती आणि उन्हात ऊब नव्हती, नुसता उजेड होता. एका तळ्याकाठी मी गाडी थांबवली. आईने बदके पाहिली, मी स्टिअरिंग धरून बसलो, आणि आम्ही पुढे निघालो. एका चर्चच्या मागे थांबवली, तिथेही तसेच. मग गाडी सवयीच्या रस्त्याला लागली आणि हे स्टेशन आले. बापाच्या मरणाची बातमी आईला दारूच्या गुत्त्यात नेऊन सांगणारा मुलगा असे कुणी म्हणाले असते तर मी ते मान्यच केले असते. पण सगळ्या अमेरिकेत मला ओळखीची अशी ती एकच इमारत वाटली, हे मात्र खरे.

आत बसल्यावर आईची कळी खुलली. दारू मिळते हे कळल्यावर तिने पदर सावरला, आजूबाजूला एकदा पाहून घेतले, आणि मग त्याकडे सरळ दुर्लक्ष केले. तिच्यासमोर संत्र्याचा रस आला, बटाट्याचे काप आले. भिंतीवर पितळी कडेचे मोठे गोल घड्याळ होते, शोभेचे, बंद पडलेले. ते पाहून ती हसली. "स्टेशनात बंद घड्याळ! हे असते तर बघायला नको होतं. स्टूल मागवून वर चढले असते." नानांचा उल्लेख ती 'हे' असाच करायची. मी मान खाली घालून काप खात राहिलो. त्यांना चव नव्हती.

"त्या मुलीला विचार रे, इथल्या मास्तरांची बायको राहायची कुठे?"

हा प्रश्न इंग्रजीत कसा विचारावा ते मला कळेना, पण विचारला. टोपीवाली मुलगी मोठी गोड होती. तिने छताकडे बोट दाखवले. वर म्हणे दोन खोल्या होत्या, आता तिथे मालकाचे ऑफिस आहे. आईने बराच वेळ छताकडे पाहिले. "वरतीच? म्हणजे रात्रभर भांडी वाजत असणार बिचारीची," ती म्हणाली. त्या कधीही न पाहिलेल्या, केव्हाच मरून गेलेल्या बाईबद्दल तिच्या आवाजात शेजारणीची माया होती.

मग ती बोलतच राहिली. केळीच्या वॅगनी भरल्या जात तेव्हाचा तो हिरवा, चिकट वास. उन्हाळ्यात गार्डांसाठी माठात घातलेला वाळा. क्वार्टरच्या दारातला शेवगा. आणि जळगाव स्टेशनवर नाना तिला निरोप द्यायला आले होते ते. मुंबईपर्यंत या म्हटले तर आले नाहीत. ज्या वाहनाला खाली रूळ नाहीत त्याच्या जवळपास जायची त्यांची इच्छा नव्हती. "गाडी सुटली, मी खिडकीतून हात हलवतेय, आणि हे आपले माझ्याकडे बघतच नाहीत. नजर सगळी शेवटच्या डब्याकडे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण शेवटचा डबा बघितल्याशिवाय ह्यांची गाडी काही सुटत नाही." ती हे लटक्या रागाने सांगत होती. मला तिच्याकडे बघवेना. आयुष्यभराच्या संसारातली शेवटची नजर त्या गृहस्थाने बायकोवर टाकायची सोडून गाडीच्या शेपटावर टाकली, आणि हे तिला अजून माहीत नव्हते की ती शेवटची होती.

शेवटचा डबा ही आमच्या घरातली साधी गोष्ट नव्हती. गाडी आली म्हणजे सगळी आली असे नाही. मध्येच कुठे डबे तुटून मागे राहिलेले असू शकतात. शेवटच्या डब्यामागची खूण मास्तराने डोळ्यांनी पाहिली की मगच गाडी पूर्ण गेली असे म्हणायचे. आणि पुढच्या स्टेशनशी बोलून गाडीला रस्ता दिल्यापासून ती पूर्ण जाईपर्यंत मास्तराचे चित्त दुसरीकडे जाता कामा नये, म्हणून आमच्या क्वार्टरमध्ये आईने एक नियम घातला होता. गाडी यायची असेल तेव्हा घरात वाईट बातमी कुणी कुणाला सांगायची नाही. मग ते माझे नापास होणे असो की शेजारच्या पॉइंट्समनच्या पोराला विंचू चावलेला असो. कुणी तोंड वेडेवाकडे करून दारात आला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गाडी गेली?" गेली असेल तर सांग. नसेल तर थांब.

एकदा मात्र हा नियम उलटा फिरला. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील वारल्याचा निरोप स्टेशनच्या फोनवर आला. तो नानांनी घेतला, कारण फोन त्यांच्यापाशी होता, आणि मेल यायची होती. त्यांनी मेल पास केली, शेवटचा डबा पाहिला, झेंडा गुंडाळला आणि भर दुपारी टोपी हातात घेऊन घरी आले. मी अंगणात होतो. आई भाकरी थापत होती, तिने त्यांच्याकडे पाहिले, हात थांबवले आणि विचारले, "गाडी गेली?" नाना म्हणाले, "गेली." मग तिने तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, आणि नानांनी तिला सांगितले. माझ्या बालपणातले हे दृश्य मला त्या पबात बसल्या बसल्या इतके लख्ख आठवले, की नानांना जे जमले ते आपल्याला का जमू नये, असे वाटून मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"आई, जरा बाहेर बसू या," मी म्हणालो.

मागच्या बाजूचा फलाट तसाच होता. त्यावर आता लोखंडी टेबले आणि मिटलेल्या छत्र्या होत्या. गारठा असल्याने माणूस कुणी नव्हते. वाळकी पाने फलाटभर सरकत होती. आई रुळांकडे तोंड करून एका बाकावर टेकली, मी तिच्या शेजारी बसलो, तिचा हात हातात घेतला. तिचा हात मी कितीतरी वर्षांत असा धरला नव्हता. त्याला बाळाच्या पावडरचा वास येत होता.

"आई," मी सुरुवात केली, "आज पहाटे वसंताचा फोन..."

तेवढ्यात वळणापलीकडून भोंगा वाजला. लांबचा, घोगरा, दोनदा. आईने माझ्या हातातला हात सोडवून घेतला आणि तो माझ्यासमोर धरला.

"थांब," ती म्हणाली. "गाडी जाऊ दे."

ती उठली. स्वेटरची बटणे लावली, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि फलाटाच्या कडेपासून नेमकी तेवढ्या अंतरावर जाऊन उभी राहिली, जेवढ्यावर नाना उभे राहायचे. इंजिन आले. त्याच्या धडधडीने लोखंडी टेबले थरथरू लागली, पाने उडाली, आणि डब्यांमागून डबे जाऊ लागले. कोळशाचे, लाकडाचे, गंजक्या रंगाचे, अगडबंब. लहानपणी मालगाडीचे डबे मोजायचा मला नाद होता. त्या दिवशी मी मोजले नाहीत. ही गाडी कधी संपूच नये, असे मला वाटत होते, कारण ती जात होती तोवर आमच्या घरी कुणी काही सांगितलेले नव्हते. आई ताठ उभी होती. तिचे डोळे डब्यांवर नव्हते; गाडीच्या मागच्या टोकाकडे, जिथून ते टोक यायचे होते तिकडे लागले होते. तेव्हा माझ्या लक्षात आले, की सकाळपासून मी शब्द शोधत होतो आणि ती सकाळपासून गाडीची वाट पाहत होती.

शेवटचा डबा आला. त्यामागे गार्डाचा डबा नव्हता, माणूस नव्हता. नुसता एक लाल दिवा लुकलुकत गेला. वळणाआड तो दिसेनासा होईपर्यंत आई तिथून हलली नाही. मग माझ्याकडे वळली.

"गेली," ती म्हणाली. "सकाळपासून तुम्ही कुणी माझ्याकडे बघत नाही आहात. आता सांग."

मी सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. ती बाकावर बसली, दोन्ही तळवे मांडीवर उपडे ठेवले. रडली नाही; रडणे नंतर आले, विमानात, आणि मग पुष्कळ दिवस आले. ती रिकाम्या रुळांकडे पाहत होती. वसंताचे घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. नाना तिथे पेपर वाचता वाचताही प्रत्येक गाडीला मान वर करून बघायचे, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

"दुपारी ना?" तिने विचारले. "जेवण झाल्यावर?"

"हो."

"मग दुपारची पॅसेंजर गेली होती का रे?"

नानांना तव्याजवळून विचारताना तिचा चेहरा जसा होता, तसाच आता होता. मला ठाऊक नव्हते. वसंताने ते सांगितले नव्हते, आणि ते विचारायचे मला सुचले नव्हते.

"गेली होती," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पदराने तोंड पुसले. आत कुणीतरी मोठ्याने हसले, ग्लास वाजले. पुढे जळगावला गेल्यावर, आणि नंतरही किती वेळा, वसंताला विचारावे असे ओठांवर आले. पण ते खरे होते की नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.