अकरा मोटारी आणि एकच मिनिट

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यात तिसरी दोनदा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहून राहिलो ते कॉम्प्युटरच्या कामाबद्दल आहे आणि कोणी म्हणेल, या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं. न्हाई कळत. पण ज्यांना कळतं त्यांनी आमची डीपी जाळली, आणि मला खटकत असताना मी तोंड मिटून बसलो. तेव्हा शिकलेला आणि न शिकलेला, दोघं बराबर.

डीपी म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. आमच्या शिवारातल्या अकरा विहिरींच्या अकरा मोटारी त्या एकावर चालतात.

बायको पोळ्याच्या आधी गेली. जूनमध्ये तिनं अर्धा एकर हळद लावली होती. गुडघ्यावर हात ठेवून चालायची आणि हळद लावायला वाकायची. मी म्हणालो, "सोयाबीन पेर, मशीननं काढ, मोकळी हो." म्हणाली, "तुमीच व्हा मोकळे." मोकळी तीच झाली. हळद माझ्या गळ्यात पडली.

लोक सांगत होते, मन लागत नसंल तर काशीला जाऊन ये, पुण्याला लेकीकडं राहा. मी म्हणायचो, हळदीला पाणी कोण देईल? त्यांना वाटायचं म्हातारा कारण सांगतो. कारण न्हाई, तेवढं एकच काम माझ्याकडं उरलं होतं. तिच्या हातची ती हळद खणून निघेपर्यंत जगवायची. पुढचं पुढं.

लेक पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तेराव्याला आली आणि म्हणाली (बापाला ती दादाच म्हणते), "दादा, मी काही महिने इथूनच काम करते." जावई समजदार, पंधरवड्याला येऊन जायचा. गावात रेंज फक्त आमच्या गोठ्याच्या भिंतीला येते. म्हणून लेकीचं ऑफिस तिथं. खाट, खाटेवर लॅपटॉप, बाजूला म्हैस. साहेबाशी बोलताना म्हैस हंबरली की साहेब विचारायचा, कोणाला काही बोलायचंय का?

तिची कंपनी एक डबा बनवते. तो डबा मोटारीच्या स्टार्टरला जोडला की मोटर मोबाईलवरून चालू-बंद होते, आणि वीज गेली, परत आली तर डबा आपोआप चालू करतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीला डबे कुठंतरी लावून बघायचे होते, तर लेकीनं आमच्या डीपीवरच्या अकराही मोटारींना लावायला दिले. फुकट. आमच्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दहा-दहा वर्षं न बोलणारे लोक आहेत, पण फुकट म्हटल्यावर सगळे एका रांगेत उभे राहिले.

आता लेकीकडं त्याच डब्यांच्या आतल्या लिखाणाचं काम आलं होतं. मी एकदा चहा घेऊन गेलो तर लॅपटॉपची सगळी पाटी पिवळी झालेली.

"हे काय, कावीळ झाली का याला?"

ती म्हणाली, "दादा, जिथं जिथं तेच ते लिहिलंय तिथं पिवळं दिसतं. मोटर चालू करायचं लिखाण एकदाच पाहिजे. इथं अकरा वेळा हाये."

"कोण्या येड्यानं लिहिलं?"

"डबे बसवायला आलेला पोरगा. एका मोटारीचं लिहिलं, अन् तेच उचलून दुसऱ्या मोटारीला चिकटवलं. मग तिसऱ्या. मधी एखादा आकडा बदलला, झालं. आता एका ठिकाणी चूक निघली तर अकरा ठिकाणी शोधत फिरा."

"मग त्याला धर."

"तो नोकरी सोडून गेला."

"हुशार हाये."

हे चिकटवण्याचं काम मला नवीन न्हाई. बायको गेल्यावर रेशनकार्डातून तिचं नाव कमी करायला सेनगावला गेलो होतो. तहसीलबाहेर टाइप करून देणारा बसतो. त्यानं आधीच्या गिऱ्हाइकाचा अर्ज काढला, नाव-गाव बदललं, माझ्यापुढं सही करायला सरकवला. मी वाचायला लागलो, तर म्हणाला, "बाबा, वाचून काय करता, सगळ्यांचं सारखंच असतं." तरी वाचला. लिहिलं होतं, 'माझी आई वृद्धापकाळाने मयत झाली.' आधीच्या माणसाची आई गेली होती. माझी बायको त्या कागदात माझी आई होऊन बसली. चाळीस वर्षं मला जेवण, आंघोळ, औषध वेळेवर सांगत होती, तेव्हा अगदीच खोटं न्हाई लिहिलं म्हणा. पण सही न्हाई केली. दुसरा काढायला लावला. तो माणूस मला खडूस म्हणाला, तेही खोटं न्हाई.

म्हणून लेकीनं अकराचं एक करायचं ठरवलं तेव्हा मी तिच्या बाजूचा होतो. चार दिवस ती वर मान न करता बसली होती. पाचव्या दिवशी मला हाक मारली.

"दादा, इकडं या. हे बघा, अकरा पानांचं एक पान केलं. फक्त एक घोळ व्हता. वीज आल्यावर मोटर किती सेकंदांनी चालू करायची, तो आकडा प्रत्येकाचा येगळा. एकाला वीस, एकाला पंचेचाळीस, एकाला एकशे तीस. काही ताळमेळ न्हाई. साहेबांना इचारलं, ते म्हणाले, पोरानं काहीबी ठोकलं असंल. मग मी सगळ्यांना साठ करून टाकलं. एक मिनिट. साफ!"

आणि हसली. माय गेल्यापासून पहिल्यांदा.

मला खटकलं होतं. आमच्या गावचं शेंबडं लेकरूही सांगेल की वीज येताच सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागल्या तर डीपी उडते. पूर्वी प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो असायचा, वीज आली की आपोआप चालू. लाइनमन यायचा, रागवायचा, आम्ही त्याच्यासमोर ऑटो काढायचो, चहा पाजायचो. त्याची फटफटी नाक्यावरून वळली की परत लावायचो. त्यापायी दोनदा डीपी जळाली. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. पण ती हसून राहिली होती. उभ्या जन्मात मला तोंड आवरता आलं न्हाई, भावकीत, देवळात, सोयरिकीत, कुठंच न्हाई. ते नेमकं त्या दिवशी आवरलं. म्हणालो, "बराबर केलं."

त्या आठवड्यात शेताला दिवसाची वीज होती. हळदीचं पाणी चार दिवस पुढं ढकललेलं, म्हणून मी सकाळीच खोरं घेऊन गेलो. लेकही आली, म्हणाली, नवीन लिखाण डब्यात गेलंय, कसं चालतं बघते. नऊच्या सुमाराला वीज आली. एक मिनिट सगळं शिवार गप्प. मग अकरा विहिरींवरून एकदम 'घूं' उठलं. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. तो आवाज पुरता चढलाही नसंल, तर डीपीवर धाडकन झालं. काळा धूर निघाला, तेल गळायला लागलं, आणि सगळं परत गप्प.

शेजारच्या धुऱ्यावरचा माझा चुलतभाऊ मोबाईल पुढं धरून पळत आला. "भाऊ, डबा म्हणतो मोटर चालू हाये! अन् तिकडं डीपीतून धूर निघून राहिला!"

डीपीखाली दहा-बारा माणसं जमली. जो तो दुसऱ्याच्या मोटारीला दोष देऊन राहिला होता. लेक मधी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, माझ्यापायी झालं."

"तुह्या पायी कसं? तू तर म्हशीपाशी बसून असती."

तिनं सांगितलं. आधी आकडे वेगळे होते, मी सगळे सारखे केले. चुलतभाऊ ऐकत होता. मग म्हणाला, "ते आकडे तू पुसले व्हय?"

"ते त्या पोरानं काहीबी टाकले व्हते, काका."

"पोरानं? पोराला काय माहीत, पोरगं लातूरकडचं. ते आकडे तुह्या मायनं सांगितले व्हते."

 तो सांगायला लागला. डबे बसवायला पोरगा आला त्या दिवशी मी बाजाराला गेलो होतो. वहिनीनं त्याला विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसवून भाकरी दिली आणि विचारलं, हे डबे सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू करणार का? पोरगा म्हणाला, व्हय. ती म्हणाली, मग डीपी घेऊन जा सोबतच. आणि मग एकेक विहिरीचं सांगत गेली. खालच्या मळ्यातली मोटर जुनी, तिला आवाज धरायला वेळ लागतो, तिच्यामागं लगेच कोणाची लावू नको. ओढ्याकाठची सगळ्यात लांब, ती आधी जाऊ दे. पोरानं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. दोन वर्षं डीपी जळाली न्हाई आणि आम्ही सगळे म्हणत होतो, कंपनीचा डबा लई भारी. कंपनीही तेच म्हणत होती, पत्रक काढून, आमच्या डीपीच्या फोटोसकट.

लेक धुऱ्यावर खाली बसली. मला राग आला, पण लेकीचा न्हाई.

"मला काहून सांगितलं न्हाई तिनं?"

चुलतभाऊ म्हणाला, "तुमी कधी ऐकत व्हते का, भाऊ?"

डीपी यायला नऊ दिवस लागले. त्या दिवसांचं फार लिहीत न्हाई. पाणी ओढायची जुनी डिझेल इंजिनं सगळ्यांनी केव्हाच भंगारात दिलेली. लेक आणि मी हापशीवरून घागरी आणून हळदीच्या जमतील तेवढ्या सऱ्यांना घालत होतो. अर्ध्या एकराला घागर म्हणजे म्हशीला चमच्यानं पाणी पाजणं. पानं दुपारची गुंडाळायची, संध्याकाळी थोडी उघडायची. चौथ्या दिवसापासून संध्याकाळीही उघडेनात. मी पानांकडं बघायचो आणि लेक माझ्याकडं.

एकदा विचारलं, "ते आकडे गेले का गं कायमचे?"

"न्हाई दादा. यात पुसलेलं सगळं जपून ठेवलेलं असतं. कोणी, कधी, काय पुसलं, सगळं."

"मग पुसता कशाला?"

 तिनं लॅपटॉप उघडून आकडे शोधले. यावेळी शहाण्यासारखं केलं. मोटर चालू करायचं लिखाण एकच ठेवलं, ते तिचं आधीचंही बराबरच होतं. आकडे मात्र अकराचे अकरा, बाजूला वेगळे मांडले, आणि प्रत्येकापुढं कारण लिहिलं. त्यासाठी प्रत्येकाच्या विहिरीवर जाऊन विचारून आली. कारणं मराठीत लिहिली. साहेबानं विचारलं, हे कोणाला वाचता येणार? ती म्हणाली, "ज्याला वाचता येणार न्हाई त्यानं त्या आकड्यांना हात लावू नये." म्हैसही नेमकी तेव्हा हंबरली. 

नवव्या दिवशी आमच्याच ट्रॅक्टरमध्ये हिंगोलीहून डीपी आणली. लाइनमननं जोडली. आमच्याकडं बघून म्हणाला, "ऑटो काढले ना सगळ्यांनी?" सगळ्यांनी एकदम माना हलवल्या.

वीज आली. आधी ओढ्याकाठची मोटर लागली. मग थोड्या वेळानं दुसरी. मग खालच्या मळ्यातली जुनी, खोकत-खोकत, तिच्यामागं बराच वेळ कोणीच न्हाई. मला प्रत्येकीचा आवाज ओळखू येतो. मी बोटं मोजत होतो. दहा झाल्या. आमची न्हाई.

"आपली बिघडली," मी म्हणालो. "डबा काढ तो."

"थांबा दादा. आपला आकडा सगळ्यात मोठा हाये. साडेचार मिनिटं."

"काहून? आपली विहीर डीपीला सगळ्यात जवळ. आपली पहिली लागली पाहिजे. वीज येताना मी कधी इथं नसायचो, पण दोन वर्षं सगळ्यांना सांगून राहिलो, आपली पहिली लागती."

चुलतभाऊ दुसरीकडं बघायला लागला. मग हसू आवरेना त्याला. "व्हय, सांगत व्हते. वहिनीनं समद्यांना सांगून ठेवलं व्हतं, ते पहिली म्हणले की पहिली म्हणा. न्हाईतर बाकीच्या दहा जणांशी भांडत बसतील, अन् कोणालाच पाणी मिळायचं न्हाई."

म्हणजे दहा घरांना माहीत होतं. माझ्या तोंडावर दोन वर्षं दहा घरं माना डोलवत होती.

लेकीनं मोबाईल काढला. "दादा, आपल्या मोटारीपुढं कारण लिहायचं राहिलंय. कोणालाच सांगता आलं न्हाई. आता काय लिहू?"

"लिही, मालक भांडखोर हाये."

तिनं खरंच लिहिलं.

साडेचार मिनिटांनी मोटर लागली. मी खोरं घेऊन पहिली सरी फोडली. भेगाळलेल्या मातीनं पहिलं पाणी गटागटा पिऊन टाकलं, पुढं सरकूच दिलं न्हाई. मग हळूहळू सरकलं. कडेच्या दोन सऱ्या गेल्या होत्या, पानं हातात चुरली जात होती. त्या सोडून दिल्या. बाकीच्या सऱ्यांतून एकेक करत पाणी शेवटच्या टोकाला पोचवता पोचवता दुपार झाली. लेक त्या टोकाला उभी होती. तिथून ओरडली, "आलं, दादा!" मी सरीचं तोंड, म्हणजे बारं, मातीनं बंद केलं आणि पुढच्या सरीला लागलो.