ब्रिस्टलमधली हळदीची पानं

ब्रिस्टलमध्ये हळद उगवत नाही, असं मला तीन-चार जणांनी ठासून सांगितलं, म्हणूनच मी ती लावली. आमच्या घरामागे काचेची कॉन्झर्व्हेटरी आहे. मार्चमध्ये इंडियन दुकानातून ओल्या हळदीचे कोंब फुटलेले तुकडे निवडून आणले, कुंडीत पुरले आणि शेजारी छोटा हीटर ठेवला. विजेचं बिल बघून आमचे हे म्हणाले, "हळदीला हीटर आणि मला स्वेटर!" मी लक्ष दिलं नाही.

माझं माहेर कोकणातलं. गौरींच्या नैवेद्याला हळदीच्या पानातल्या पातोळ्या हव्यात म्हणजे हव्यात. तांदळाचं भिजवलेलं पीठ पानावर सारवायचं, वर गूळखोबऱ्याचं सारण घालायचं, पान मिटायचं आणि वाफवायचं. पानाचा वास उतरला नाही तर ती पातोळी नव्हेच. इतकी वर्षं मी फ्रोझन केळीच्या पानांवर वेळ मारून नेत होते. यंदा मारून न्यायची नाही, असं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये कुंडीत हातभर लांबीची पाच पानं डोलत होती आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत होते.

भिंतीला भिंत लागून काकचं घर. काक म्हणजे मलय भाषेत ताई. ती मलेशियाची, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, इथे एका लॅबमध्ये नोकरी करते. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, पण स्वयंपाकघरं एकमेकींच्या ओळखीची आहेत. मी वाटणासाठी खोबरं भाजते, ती भाजून तेल सुटेपर्यंत कुटते, आणि दोघींकडचे स्मोक अलार्म सारखेच बोंबलतात. तिच्या रोज्याच्या दिवसांत संध्याकाळी मी तिला फोन करत नाही. माझ्या चतुर्थीला ती काही घेऊन दारात येत नाही. आणि तिच्याकडे बीफ शिजतं त्या दिवशी ती मला आत बोलावत नाही. हे आम्ही कधी बोललो नाही, पण पाळत आलो.

तिच्या आईला मी फोनवरच भेटले होते. काक फोन माझ्यापुढे धरायची आणि म्हातारी विचारायची, "सुदा माकान?" म्हणजे जेवलीस का. मी मराठीत सांगायचे, "हो, तुम्ही?" तेवढ्यावर आमचं दोघींचं छान जमायचं.

जुलैत म्हातारी वारली. त्यांच्यात दफन लवकर करतात. काक तिकीट शोधत होती तोवर तिकडे सगळं आटोपलंही होतं. काक तिकडे गेलीच नाही मग. म्हणाली, "आता कोणाकडे जाऊ?" मी तिच्या सोफ्यावर नुसती बसून राहिले.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी ती आमच्याकडे चहाला आली. हळदीच्या कुंडीपाशी उभी राहिली, एक पान बोटांनी चोळलं आणि बोटं नाकाशी धरून बराच वेळ तशीच थांबली.

"आईच्या चाळिसाव्या दिवशी घरी प्रार्थना ठेवली आहे," ती म्हणाली. "मग जेवण. मला तिचं रेंदांग करायचंय. मांस नारळाच्या दुधात पार कोरडं होईपर्यंत आटवायचं आणि शेवटी हळदीचं पान घालायचं. फ्रोझन पानं आणून बघितली, वासच नाही त्यांना. तुझी देशील? पण आधी सांगते, बीफमध्ये जाणार आहेत."

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि गेली. रुसली असती तर मला बरं वाटलं असतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पान देऊन मोकळी हो. ती त्यात काय घालते ते आपल्याला कशाला बघायचंय?" माझं डोकंच सणकलं. ती बाई मासे म्हणाली असती तर मी पानं दिली असती, आणि मला कधी कळलं नसतं. तिने खरं सांगितलं. आणि आम्ही डोळे मिटून देणार, वर हात झटकणार! द्यायची तर बघून द्यायची, नाही तर द्यायची नाही. देवापुढे जाऊन विचारावं असंही मनात आलं, पण विचारलं नाही. तिथून येणारं उत्तर नेहमी माझ्याच आवाजात येतं.

सोमवारी तिचा मेसेज आला. 'चिकनचं केलं तर?' मी लॅपटॉपवर चाललेली ऑफिसची मीटिंग सोडून तिच्या दारात गेले.

"तुझी आई चिकनचं करायची?"

"नाही."

"मग तू का करतेस?"

ती म्हणाली, "तुझ्यासाठी."

"माझी आई नाही गेली ह्या वर्षी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुझी गेलीय. तिचं जसं व्हायचं तसंच कर. पानं मी घेऊन येते."

चाळिसाव्याच्या सकाळी मी चार पानं कापली. पाचवं ठेवलं. एका पानाच्या दोन पातोळ्या होतात, गौरीही दोन. गौरी आठवड्यावर आल्या होत्या, तोवर नवीन पान फुटणार नव्हतं.

काकच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच तशा दिवशी पाऊल टाकलं. मोठं पातेलं शेगडीवर होतं. वास मला सोसत नव्हता, खोटं कशाला सांगू. मी खिडकी उघडून तिच्याजवळ उभी राहिले. तिने पानांची सुरळी करून ती केसासारखी बारीक चिरली, पातेल्यात टाकली, परतली. थोड्या वेळाने चमच्यावर घेऊन चाखलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

ह्या सुरात मी स्वतः गेली कित्येक वर्षं केळीच्या पानातल्या पातोळ्यांना छान म्हणत आले होते.

"काक, खरं सांग."

"थोडं कमी आहे. पण चालेल गं. लोकांना नाही कळणार."

"लोकांचं विचारलं नाही मी."

पाचवं पान तिने कुंडीत पाहिलं होतं आणि ते कोणासाठी आहे हेही तिला माहीत होतं. तिने मागितलं नाही, मेली तरी मागितलं नसतं. मी चपला घातल्या, घरी आले आणि कात्री घेतली. हात थांबला, नाही असं नाही. मग कापलं.

ते पान पडल्यावर तिने पुन्हा चाखलं. चमचा हातात तसाच राहिला आणि ती शेगडीसमोर जमिनीवर बसली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "माक," ती म्हणाली, "माक." हा शब्द मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी बसले.

आठवड्याने आमच्याकडे गौरी आल्या. पुरण झालं, भाज्या झाल्या, कोशिंबिरी झाल्या. नैवेद्य दाखवायच्या वेळी ह्यांनी ताटाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "पानं वाळून गेली म्हण की."

मी हात जोडले आणि मोठ्यांदा सांगितलं, "यंदा पातोळ्या नाहीत. पानं शेजारी दिली, तिच्या आईच्या चाळिसाव्याला. बीफमध्ये गेली. मला ठाऊक होतं, ठाऊक असूनच दिली. एक तुमच्यासाठी ठेवलं होतं, तेही दिलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन."

ह्यांनी निरांजन पेटवलं आणि तबक माझ्या हातात दिलं.