धुळाजीला सहा गुण

चौसाळ्याच्या धुळाजीला हळू बोलणं कधी जमलंच नाही. शेळी विकायची तर तिची तारीफ तो अशी करायचा, की शेळीनंही चरायचं थांबून त्याच्याकडं बघावं.

पुण्याच्या एका संस्थेला उस्मानाबादी शेळ्या हव्या होत्या, पण माहिती ईमेलनंच पाठवा अशी अट. धुळाजीची सून मोहिनी गावातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. त्यानं सांगितलं, तिनं टाइप केलं: ‘आजच या!!! शंभर टक्के खात्री!!! अशी संधी पुन्हा नाही!!! करडू फुकट!!!’

मेल गेला तसा परत आला. खाली शेरा होता: गुण सहा, मर्यादा पाच.

“पाचाची मर्यादा, अन् आपल्याला सहा!” धुळाजी थेट मांजरसुंब्याच्या ढाब्यावर गेला आणि ओळखीच्या ड्रायव्हरांना चहा पाजून आला.

तो परतल्यावर मोहिनी म्हणाली, “मामा, हे गुण मेल तपासणारं मशीन देतं, अन् ते उलटे हायेत. जितके जास्त, तितका मेल लबाडीचा. पाचाच्या वर गेला की दारातूनच वापस.”

“कावून? मी काय चोर हाय का?”

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला क्लासात नेलं. तिथं आलेल्या सगळ्या मेलांचे गुण पडद्यावर मांडले. शून्यापाशी उंच ढीग होता. “ही साधी माणसं. फीची चौकशी, सुट्टीचा अर्ज.” पार पलीकडं, पंधरा-विसाच्या आसपास, दुसरा ढीग. “हे लॉटरीवाले.” मधे नुसतं माळरान, कुठंतरी एखादा ठिपका.

“अन् आपण?”

मोहिनीनं माळरानावर बोट ठेवलं.

लबाड ठरल्यापेक्षा एकटं पडल्याचं धुळाजीला जास्त लागलं. “दोन्हीकडं बाजार भरलाय, अन् मी मधी एकटाच उभा?”

“तेच बरं हाय, मामा. लॉटरीवाल्यानं दोन शब्द गाळले तरी तो तिकडंच ऱ्हातो. आपण जरा सरकलो की ह्या साध्या माणसांत.”

मग काटछाट सुरू झाली. मोहिनी क्लासच्या पत्त्यावर मेल पाठवून गुण बघायची. ‘फुकट’ गेलं. ‘संधी’ गेली. उद्गारचिन्हं निघताना धुळाजीनं तोंड फिरवलं. शेवटी उरलं: ‘आमच्याकडे शेळ्या आहेत. बघायला या.’ गुण अर्ध्यावर आले.

“ह्यात शेळी कुठंय?” धुळाजी कळवळला. पण मेल पोचला.

उत्तर आलं: ‘जरा सविस्तर कळवा.’

आता धुळाजी बिचकला. मोठा शब्द तोंडात आला की गिळायचा. त्यानं सांगितलं ते एवढंच: दूध बरं देतात, जुळी होतात, एक लंगडते, एक वाळत घातलेली लुगडी खाते. तेही पोचलं, आणि पुढच्या आठवड्यात संस्थेची माणसं गोठ्यात उभी राहिली.

त्यांनी विचारलं, “कशा आहेत शेळ्या?”

“हायेत,” धुळाजी हळूच म्हणाला.

बायडाबाईला नवऱ्याची ही अवस्था बघवेना. पदर खोचून ती पुढं झाली. “अवो, अशी शेळी सबंध तालुक्यात न्हाई!” तिनं एकेकीचं आई-आजीपासूनचं कौतुक सांगितलं. माणसं खळखळून हसली आणि लंगडी सोडून सगळ्या घेऊन गेली, लुगडी खाणारीसकट.